घोंगडीतले सात दगड

श्रेयाला साधी ठेच लागली तरी मला बरं वाटायचं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी मला साळसूद समजायला नको.

आम्ही दोघी बारामतीच्या कॉलेजात एका बाकावर बसून बी.एस्सी. झालो. ती भवानीनगरची. वडील साखर कारखान्यात केमिस्ट, कॉलनीत क्वार्टर, घरात पुस्तकांचं कपाट. मी पणदऱ्याची, धनगराची पोर. आजोबांच्या काळापर्यंत घरात मेंढरं होती, आता थोडा ऊस, तीन गाई आणि एमआयडीसीत मोटारसायकलवर जाणारा भाऊ. मार्क मला जास्त पडायचे. पुढं मात्र ती गेली. आधी पुणं, मग बेंगळुरू, मग थेट इंडोनेशियातली बेटं. मी त्याच कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला लागले, तासिका तत्त्वावर. अकरा वर्षं झाली, दर जूनला नव्यानं अर्ज करते आणि दर जूनला तोच क्लार्क मला विचारतो, "मॅडम, यंदा एखादा पेपर छापून आला का?"

श्रेया बेटांवरचे प्राणी अभ्यासते. कुठल्या बेटावर कोण राहतं आणि का राहतं, एवढंच तिचं काम, पण ते ती असं सांगते की समोरचा चहा प्यायचा विसरतो. बालीपर्यंत वाघ होता आणि समोर दिसणाऱ्या लोंबोकवर कधीच नव्हता. का? तर मधला समुद्र फार खोल. हिमयुगात समुद्र खाली गेला तेव्हा बाकीची बेटं जमिनीनं जोडली गेली, वाघ चालत चालत बालीपर्यंत आला, तिथं मात्र थांबला. नंतर माणसं होड्या घेऊन आली, त्यांच्या सामानातून उंदीर आले, पाली आल्या, आणि सगळा हिशेब विस्कटला. हे मीही वर्गात शिकवते. माझ्या तासाला मुलं मोबाईल बघतात.

आता त्या पालीबद्दल. भिगवणच्या पुढं, उजनी धरणाच्या फुगवट्यात बिरोबाची टेकडी आहे. धरण भरायच्या आधी तिच्या पायथ्याशी आमची वाडी होती. पाणी चढलं, वाडी बुडाली, आम्ही पणदऱ्याच्या शिवारात आलो. टेकडीचा माथा तेवढा वर राहिला आणि बेट झाला. माथ्यावर आमच्या बिरोबाचं ठाणं आहे, शेंदूर लावलेले सात दगड. दर चैत्रात आमचं घर होडीतून तिथं जातं, नैवेद्य दाखवतं आणि परत येतं.

सहा वर्षांपूर्वी अशाच एका चैत्रात नारळ फोडायला बाजूची शिळा सरकवली, तर खाली पाल. शेपटीवर काळ्या-पिवळ्या कड्या, डोकं चपटं. इंदापूर-बारामतीत दगडाखाली जी पाल सापडते ती ही नव्हे, हे मला बघताक्षणी कळलं. मी फोटो काढला. आणि जन्माची चूक केली, तो श्रेयाला पाठवला. माझ्याकडे ना प्रयोगशाळा, ना वनखात्याची परवानगी, ना कुणाची ओळख. मग काय करणार? तीन मिनिटांत तिचं उत्तर आलं, "सरू, ही कुठं मिळाली?"

त्यानंतर ती दरवर्षी येऊ लागली. दोन्ही काठांवरचे माळ तिनं पालथे घातले, तसली पाल कुठंच नाही. तिच्या जवळची म्हणावी अशी एक पाल होती, पण ती सव्वाशे किलोमीटरवर, घाटात. श्रेयानं टेकडीच्या खडकाचे थर मोजले. तिचं म्हणणं असं पडलं की साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर बसले, पुढं भीमेनं आजूबाजूचे थर खाऊन टाकले, वरच्या कठीण थरामुळं ही टेकडी तेवढी उरली आणि तिच्यावर जुनी पालही उरली. "पाणी पंचेचाळीस वर्षांचं आहे सरू," ती म्हणायची, "पण बेट लाखो वर्षांचं आहे." बोलताना तिचे डोळे चमकायचे. मी मान डोलवायची आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. टेकडी माझी, देव माझा, पाल मी बघितली, आणि लाखो वर्षं हिची.

आणि वर आबा. तात्याबा, माझे आजोबा, पंच्याऐंशीचे. उजवा कान गेलाय, डावा शाबूत आहे. म्हणून लहानपणापासून मी त्यांच्या डाव्या बाजूला बसते आणि लोकांचं बोलणं त्यांच्या कानात सांगते. मला ते "ए सरूपा" म्हणून हाक मारतात, तीही कामापुरती. श्रेया आली की "ये बाळ, बस बाळ." तिला बसायला स्वतःची घोंगडी अंथरतात. माझ्या आजोबांना आबा म्हणायचा परवाना हिला कुणी दिला, हे मी पाच वर्षं मनात विचारत होते. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते खोटं नाही.

पण मला एक गोष्ट माहीत होती आणि श्रेयाला ती नव्हती.

ते सात दगड टेकडीवरचे नव्हेत. लहानपणी मी ही कथा आबांकडूनच ऐकली होती. बहात्तरच्या दुष्काळात आमची मेंढरं महिनोन्‌महिने घाटात अडकली. तिथल्या एका घळीत मेंढरांना रोग लागला आणि आबांनी त्या घळीतले सात दगड मांडून बिरोबाला साकडं घातलं. रोग हटला. मग देवाला तिथं सोडून कसं यायचं? सातही दगड घोंगडीत बांधले, घोडीच्या पाठीवर घातले आणि बारा दिवस चालत टेकडीवर आणले. आमच्या घराण्यात रीत अशी की देव मुक्कामाला पोचेपर्यंत त्याला पाणी लावायचं नाही आणि हातानं पुसायचंही नाही. माती, शेवाळ, जे असेल ते तसंच यायचं.

ही कथा मी शंभरदा ऐकली असेल. पण एकदा कॉलेजात पालींवर शिकवताना फळ्यावर लिहिलं, 'काही पाली दगडाच्या फटीत अंडी चिकटवून ठेवतात', आणि खडू हातातच राहिला. न पुसलेले दगड. फटीत चिकटलेली अंडी. बारा दिवस घोंगडीच्या उबेत. पाल लाखो वर्षांची नव्हतीच, ती आबांच्या घोडीवरून आली होती. आणि टेकडीला बेट केलं तेही माणसानंच.

मी हे कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर श्रेयानं ते चार ओळींत पेपरात घातलं असतं आणि शेवटी माझे आभार मानले असते. मला आभार नको होते. एकदा तरी श्रेया चुकावी आणि ती चूक मी दाखवावी, एवढंच मला हवं होतं.

गेल्या चैत्रात श्रेया आमच्याबरोबर होडीतून टेकडीवर आली. आरती झाली. आबांनी पहिला प्रसाद तिला दिला. मग ते भंडारा वाटत माझ्याजवळ आले आणि चिमूटभर हळद माझ्या तळहातावर ठेवली. त्याच वेळी श्रेया दगडांकडे बघत म्हणाली, "आबांना एक विचार ना सरू. हे दगड इथलेच आहेत, की कुणी बाहेरून आणलेत? तिकडच्या बेटांवर मी एकदा याच बाबतीत फसलेय. नीट विचार हं."

मला फक्त आबांच्या कानाशी वाकायचं होतं. मी वाकले नाही. भंडाऱ्याची मूठ झाकली आणि मोठ्यानं सांगितलं, "त्यात विचारायचं काय? दगड इथलेच आहेत. पहिल्यापासून."

मी डाव्या बाजूला उभी होते. आबांना ऐकू गेलं. त्यांनी माझ्या मुठीकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे, आणि ताट उचलून पुढं सरकले. मला वाटलं, सुटले.

यंदा फेब्रुवारीत कॉलेजात श्रेयाचं व्याख्यान झालं. सभागृह भरलेलं, प्राचार्य पहिल्या रांगेत. अकरा वर्षांत माझं त्या सभागृहात एकच काम झालं होतं, पाहुण्यांना गुच्छ देणं. त्या दिवशीही तेच केलं. श्रेयानं बाली दाखवलं, लोंबोक दाखवलं, मग उजनी दाखवली. पडद्यावर आमची टेकडी आली, आमचा देव आला, आणि शेवटी घोंगडी पांघरलेले आबा. "पेपर स्वीकारला गेलाय," ती म्हणाली, "पुढच्या महिन्यात प्रसिद्ध होईल. ही पाल जगात फक्त या टेकडीवर आहे. तिला आम्ही तात्याबा आजोबांचं नाव देतोय." लॅटिनच्या नियमानं नावाच्या शेवटी 'इ' लागून 'तात्याबाई' असं काहीतरी होणार होतं. टाळ्या पडल्या. प्राचार्य मागं वळून मला म्हणाले, "अहो, तुमचे आजोबा ना? बघा, शिका काहीतरी."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तिथंच ठरवलं, आता थांबायचं नाही. पेपर छापून आला की मी घाटातल्या त्या घळीत जाणार, दगड उलटे करून तीच पाल शोधणार आणि माझ्या नावानं लिहिणार की बाईसाहेबांचं लाखो वर्षांचं बेट एका घोडीनं घडवलंय. अडचण एकच होती. घळ कुठली, हे मला माहीत नव्हतं. घाट केवढा, घळी किती! ते फक्त आबांना माहीत होतं.

घरी आले तेव्हा धारांची वेळ होती. आई गोठ्यात, आबा अंगणात बाजेवर. भावानं बातमी आधीच फोडली होती आणि "आबांची तात्याबाई झाली" म्हणत तो खिदळत होता. मी त्याला आत पिटाळलं आणि आबांच्या डाव्या बाजूला बसले.

"आबा, ते बिरोबाचे सात दगड कुठल्या घळीतनं आणले होते?"

"कुठलं दगड?"

"असं काय करता? बहात्तर साली. घाटातनं. घोडीवर."

"न्हाय बा. दगड हितलंच हायती टेकडीवरलं. पयल्यापास्नं."

माझेच शब्द. मला वाटलं, वयामुळं विसरले. मी घोडीची आठवण दिली, बारा दिवसांची दिली, रोगाची दिली. ते शांतपणे तंबाखू मळत राहिले. मग म्हणाले, "तू भंडारा हातात घिऊन सांगितलंस. मी ऐकलं. आता त्यात दुसरं काय ऱ्हायलं?"

आणि मग मला ते लख्ख आठवलं. आमच्यात कोर्टकचेरीच्या आधी भंडारा असतो. मेंढरू चोरल्याचा आळ येवो, बांधाचं भांडण असो, देवाच्या ठाण्यावर भंडारा उचलून जे बोललं ते खरं. ते मागं घेता येत नाही आणि घरचं माणूस ते खोटं पाडत नाही. मी प्राणिशास्त्रातली एम.एस्सी. माझ्या मुठीत नुसती हळद होती. आबांच्या दृष्टीनं मी शपथ घेतली होती.

"मी खोटं बोलले, आबा," मी म्हणाले.

"ठावं हाय."

"मग तिथंच का नाही अडवलं?"

"तिच्याम्होरं?" आबांनी तंबाखू दाढेखाली ठेवली. "ती पोरगी दिवाळीच्या अंगाला परत आली हुती. एकलीच. तू कालेजात हुतीस. माझ्या कानापाशी बसली आन् म्हनली, आबा, खरं सांगा, दगड कुनी आनलं का? मी म्हनलो, माझ्या नातीनं भंडारा उचलून सांगितलंय, बिरोबाची आन, दगड हितलंच हायती."

"तुम्ही पण खोटं बोललात? बिरोबाच्या नावानं?"

"पंच्याऐंशी वर्सांत पयल्यांदा."

आबांनी आयुष्यात मेंढराचं दातावरून कळणारं वयसुद्धा कुणाला खोटं सांगितलं नव्हतं. त्यापायी बाजारात नुकसान सोसलेला माणूस.

"का पण? ती तर तुमची लाडकी. तिला बाळ म्हणता, पहिला प्रसाद तिला देता."

आबा माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी पाचवीत नापास झालेय. "येडी का खुळी तू? पाव्हन्याच्या लेकराला बाळ म्हनत्यात. घरच्याला कोन म्हनतं? ती आली की तुझा जीव जळतो, मला काय दिसत न्हाय व्हय? पाच सालं बघतोय. मी त्या दिशी तोंड उघडलं असतं तर तुला तिच्याम्होरं मान खाली घालावी लागली असती. माझ्या हातनं ते व्हायचं न्हाय. मग देव काय म्हनंल ते म्हनंल."

पाच वर्षं मी जे मोजत बसले होते, ते सगळं चुकीचं मोजलं होतं. आणि ज्या माणसाच्या प्रेमासाठी जळत होते, त्याच्याच तोंडून देवाच्या नावावर खोटं बोलवून घेतलं होतं. मी बाजेच्या कडेला बसून ढसाढसा रडले. आबांनी रडू दिलं.

"ह्याला काही उपाय?" मी शेवटी विचारलं.

"हाय की. भंडारा जितं उचलला तितंच ठेवायचा. आन् जिच्याम्होरं उचलला तिच्याम्होरं."

मी श्रेयाला फोन लावला. "रविवारी टेकडीवर येशील?"

"येते की! आबांना काय आणू गं?"

एवढं सगळं होऊनही माझ्या पोटात दुखलंच. "काही नको," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

रविवारी सकाळी आम्ही तिघं होडीत बसलो. आबांना नावाड्यानं आणि मी धरून वर चढवलं. ठाण्यासमोर मी भंडारा मुठीत घेतला, श्रेयाच्या तोंडाकडे बघितलं आणि सांगितलं, "दगड आणलेले आहेत. बहात्तर साली आबांनी घाटातनं आणले. मला माहीत होतं. तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोलले, कारण तू चुकावीस असं मला वाटत होतं." आणि मूठ दगडांपुढं रिकामी केली.

श्रेया खाली बसली. बराच वेळ तिनं त्या दगडांच्या फटी बघितल्या. एका फटीत अंड्यांची जुनी पांढरी टरफलं चिकटलेली होती, ती तिनं बोटानं चाचपली. मला वाटलं होतं ओरडेल. ओरडली असती तर मलाही भांडता आलं असतं.

"आजच कळवून पेपर मागं घ्यावा लागेल," ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, "मला आबांवर शंका आली होती, सरू. म्हातारं माणूस आहे, विसरलं असेल, म्हणून दिवाळीत परत आले होते. तुझ्यावर नाही आली."

मी तळहाताला चिकटलेली हळद पुसत राहिले.

तिनं पिशवीतून वही काढली. "घळ कुठली?" तिनं आबांना विचारलं.

आबांनी तिच्याकडे बघितलं नाही. मला खुणेनं जवळ बोलावलं, माझं डोकं धरून खाली ओढलं आणि उभ्या जन्मात पहिल्यांदा माझ्या कानात बोलले. घळीचं नाव, ओढा, वाट, सगळं. मग मला सोडून देवाकडे तोंड केलं. तिला सांग असं म्हणाले नाहीत, सांगू नको असंही म्हणाले नाहीत.

ते नाव आता फक्त माझ्याकडे होतं. माझा पेपर, माझं नाव, क्लार्कच्या तोंडावर मारायचा छापील कागद, सगळं त्या दोन शब्दांत होतं. श्रेया पेन धरून वाट बघत होती.

"करवंदीची घळ," मी म्हणाले. "वरंध घाटाच्या खाली, तिसऱ्या ओढ्याच्या डाव्या अंगाला."

पाण्यावरून वारा येत होता. श्रेया म्हणाली, "नीट ऐकू नाही आलं."

माझ्या पोटात अजून दुखतच होतं. मी तिच्या जवळ जाऊन बसले आणि परत सांगितलं.